पणबाईची विनापरवाना रचना

विज्ञानाच्या तासाला मुलांना विज्ञान सांगण्यास मनाई करणारे परिपत्रक शाळेत सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पोहोचले. त्या वेळी सातवीच्या वर्गात विज्ञानाच्या बाई मुलांना विज्ञानच सांगत होत्या. शिपाईमामांनी पुढे केलेल्या कागदावर सही करेपर्यंत आपण गुन्हा करत आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

परिपत्रक सतरा पानांचे होते. त्याचा सारांश असा, की ज्ञान कुणाला देता येत नाही. प्रत्येक मूल ते आपल्या अनुभवातून स्वतः रचते. सबब यापुढे शिक्षकाने काहीही सांगू नये. एवढे सांगायला सतरा पाने का लागली, असा प्रश्न बाईंच्या मनात आला; पण त्या तात्पुरत्या होत्या. तात्पुरत्या माणसाने मनातले प्रश्न मनातच ठेवायचे असतात, हे ज्ञान मात्र त्यांनी नऊ वर्षांच्या अनुभवातून स्वतःच रचले होते.

नऊ वर्षे दरवर्षी सुट्टी संपली की बाईंना नवा तात्पुरता आदेश मिळे, आणि पुढची सुट्टी लागली की तो संपे. घरी सासूबाई रोज संध्याकाळी विचारत, "झालीस का गं कायम?" विचारण्यात टोमणा नव्हता, नुसती सवय होती, आणि त्या सवयीचाच बाईंना जास्त त्रास होई. यंदा मात्र हेडसरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, की येत्या चौदा तारखेला पाहणी समिती येणार आहे. नव्या पद्धतीचा एक पाठ ती बघणार. पाठ पसंत पडला तर कायमचा आदेश. नाही पडला तर पुढच्या वर्षी बाईंची जागाच राहणार नाही. "एक घाव दोन तुकडे," हेडसर म्हणाले, आणि आपण धीर दिला अशा समजुतीने निघून गेले.

शाळा कामाला लागली. 'शिकवणे' हे क्रियापद सगळ्या कागदांवरून काढून टाकण्यात आले. वेळापत्रकात जिथे 'विज्ञान : शिकवणार बाई' असे होते, तिथे 'विज्ञान : अवकाश देणार बाई' असे आले. शिक्षकाला आता शिक्षक म्हणायचे नव्हते, सुलभक म्हणायचे होते. शिपाईमामांनी शिक्षक खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत 'सुलभक कक्ष' अशी पाटी रंगवली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलेले पालक लगबगीने ते दार ढकलून आत शिरू लागले, आणि आत माणसे डबे खात बसलेली बघून ओशाळून मागे फिरू लागले. शेवटी मामांनी पाटीखाली बारीक अक्षरांत लिहिले, 'ते नव्हे.'

वर्गातला फळ्याखालचा लाकडी चौथराही गेला. उंचावर उभा राहणारा शिक्षक ज्ञानाची उतरंड निर्माण करतो, असे परिपत्रकाचे म्हणणे होते. सुताराने चौथरा उखडला आणि मागच्या बाकांना टेबलावरचे प्रयोग दिसेनासे झाले. तक्रार वर गेली. वरून खुलासा आला, की बंदी शिक्षकाच्या चढण्यावर आहे, प्रयोगाच्या चढण्यावर नाही. मग चौथरा पुन्हा ठोकण्यात आला, त्यावर टेबल ठेवण्यात आले, आणि बाई खाली जमिनीवर उभ्या राहून, हात डोक्याच्या वर नेऊन प्रयोग करू लागल्या. पहिल्या आठवड्यात दोन परीक्षानळ्या फुटल्या.

नव्या पद्धतीचे प्रशिक्षण तीन दिवसांचे होते. व्याख्यान कसे देऊ नये, या विषयावर एका तज्ज्ञांनी तीन दिवस व्याख्यान दिले.

"मुलांना काहीही तयार देऊ नका," तज्ज्ञ म्हणाले. "हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या."

सगळ्यांनी जसेच्या तसे लिहून घेतले. बाईंनी हात वर केला. "सर, मुलांनी स्वतः रचलेलं ज्ञान चुकीचं निघालं तर?"

"चुकीचं असं काही नसतंच."

"पण परीक्षेत तर एकच उत्तर बरोबर धरतात."

"एकच आहे ना," तज्ज्ञ म्हणाले. "मुलं आपापल्या वाटेनं तिथपर्यंत पोहोचतील. आपण फक्त बाकीच्या वाटा बंद ठेवायच्या."

त्या वाटा बंद ठेवण्यासाठी एक पुस्तिका वाटण्यात आली. तिचे नाव होते 'मुलांनी स्वतः शोधलेली उत्तरे, इयत्ता सातवी'. कुठल्या तारखेला, कितव्या तासाला मुलांना कुठला शोध लागेल, हे तीत दिले होते. चौदा तारखेला तिसऱ्या तासाला मेणबत्तीचा शोध होता. ताटलीत पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती पेटवून उभी करायची, वर काचेचा ग्लास पालथा घालायचा. मेणबत्ती विझते आणि ग्लासात पाणी वर चढते. यावर मुले कुणाच्याही मदतीशिवाय विचार करून म्हणणार होती : "अरेच्चा! जळण्यात हवेचा पाचवा भाग खर्च झाला, म्हणून पाणी बरोबर एक पंचमांश चढले." 'अरेच्चा' ठळक टाइपात होते आणि वगळल्यास अर्धा गुण जाणार होता. प्रत्येक मुलाला आठवड्यातून किमान तीन वेळा आश्चर्य वाटणे आवश्यक होते. त्यासाठी आश्चर्य नोंदवही आली. तीत आश्चर्याची वेळ, कारण, आणि ते किती वेळ टिकले, असे रकाने होते.

गुण देण्याची रीतही बदलली. धड्याआधी मुलाला काय वाटत होते आणि धड्यानंतर काय कळले, यांतला फरक म्हणजे गुण. ऐकायला हे न्यायाचे होते. प्रत्यक्षात ज्या मुलाला आधीच सगळे ठाऊक होते त्याचा फरक शून्य येऊ लागला, आणि हुशार मुलांच्या घरी हलकल्लोळ माजला. एक डॉक्टर वडील चिंताग्रस्त चेहऱ्याने बाईंकडे आले.

"बाई, आमचा मुलगा चुकतच नाही हो. घरी खूप प्रयत्न करतो आम्ही."

"चुकेल हळूहळू," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना धीर धरवला नाही. कोपऱ्यावरच्या शिकवणीवाल्याने तोवर नवी पाटी लावली होती : 'येथे खात्रीशीर गैरसमज करून दिले जातील. प्रत्येक विषयाची स्वतंत्र तुकडी.' मुले संध्याकाळी तिथे जाऊन चुका पाठ करू लागली. झाडे हलतात म्हणून वारा सुटतो, असे ठामपणे लिहिणारा एक मुलगा वर्गात पहिला आला. फाटकाशी उभ्या असलेल्या आया आता एकमेकींना विचारत, "तुमच्या मुलीचे किती गैरसमज झाले?" आणि आकडा ऐकून मनातल्या मनात जळत.

या सगळ्यात मागे पडली ती दुसऱ्या बाकावरची एक मुलगी. तिला वर्ग 'पणबाई' म्हणे, कारण तिचे प्रत्येक वाक्य 'पण बाई' या दोन शब्दांनी सुरू होई. तिच्या वडिलांचे पंक्चर काढण्याचे दुकान होते आणि शाळा सुटली की ती तिथे बसे. तिला शिकवणी नव्हती, त्यामुळे गैरसमजही नव्हते. जे माहीत नसे त्याला ती 'माहीत नाही' म्हणे, आणि पुस्तिकेत त्या उत्तराला गुण नव्हते.

चार तारखेला बाईंनी मेणबत्तीच्या पाठाची रंगीत तालीम घेतली. ग्लासावर हेडसरांनी स्वतः मोजून, एक पंचमांशावर लाल पट्टी चिकटवली होती. मेणबत्ती विझली, पाणी चढले, वर्ग एका सुरात 'अरेच्चा' म्हणाला. आणि मग अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या बाकावरून आवाज आला.

"पण बाई, ग्लास ठेवताना खालून बुडबुडे आले."

"कसले बुडबुडे?"

"हवेचे. ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडा आला, की बाबा म्हणतात, हवा इथून गेली. मग ग्लासातली हवा जळली कुठे? काही तर बाहेरच गेली."

बाईंनी टाचा उंचावून ताटलीत बघितले.

"आणि बाई, मेणबत्ती जळत होती तोवर पाणी जागचं हललं नाही. विझल्यावर चढलं. हवा खर्च होत होती तेव्हाच चढायला पाहिजे ना?"

वर्ग हसला. पणबाई हसली नाही. "पुस्तिकेतलं पाठ करून घेतलंत त्या दिवशी मी घरी दोन मेणबत्त्या लावून बघितल्या. पाणी जास्त चढलं. तीन लावल्या तर आणखी. ग्लास तोच, हवा तेवढीच. मग पाचवा भाग मोठा कसा काय होतो?"

बाईंनी नऊ वर्षे, दरवर्षी एकदा, हा प्रयोग केला होता. नऊ वेळा त्यांनी एक पंचमांश सांगितले होते आणि शेकडो उत्तरपत्रिकांत एक पंचमांशावर बरोबरची खूण केली होती. बुडबुडे त्यांनाही दिसले असणार. पण आपण तिकडे बघितलेच नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. परिपत्रक त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या उपयोगी पडले. मुलांना काही सांगायला मनाई होती, आणि सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या त्यांनी ओट्यावर ताटली मांडली. सासूबाई भाजी निवडता निवडता बघत होत्या. एक मेणबत्ती, मग दोन, मग तीन. पाणी दर वेळी अधिक वर चढले.

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारले.

"आई, पाणी का चढतं ते बघतेय."

"मेणबत्ती विझल्यावर चढतंय ना? मग गरम भाजी डब्यात भरून झाकण लावलं की काय होतं? गार झाल्यावर ते झाकण असं आत खेचून बसतं की कुणाच्या बापाला निघत नाही. तसंच काहीतरी असेल." एवढे बोलून त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "झालीस का गं कायम?"

बाई डब्यांच्या फळीकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आले आणि ते आवरेना. इतका निखळ आनंद त्यांना शाळेत लागल्यापासून झाला नव्हता.

बाईंची चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. त्यांनी हा प्रकार आश्चर्य नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिला आणि 'आश्चर्य कुणास वाटले' या रकान्यात 'बाईंना' असे भरले.

"असं चालणार नाही," हेडसर म्हणाले. "आश्चर्य मुलांना वाटायला हवं. सुलभकाला आश्चर्य वाटण्याची तरतूद नाही."

"पण सर, मुलीनं खरंच स्वतः शोधून काढलंय. परिपत्रकात हेच तर हवंय."

"पुस्तिकेत आहे का हे?"

"नाही."

"मग मुलीला ते सापडलं कुठून?" हेडसरांनी घाम पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते, एवढेच. आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले : 'शाळेत इयत्ता सातवीमध्ये मंजूर पुस्तिकेबाहेरील एक रचना आढळून आली आहे. पुढील कार्यवाहीबाबत मार्गदर्शन व्हावे.'

वरच्या कार्यालयातल्या आवक-जावक कारकुनाने पत्रातला 'रचना' हा शब्द वाचला, 'मंजूर' आणि 'बाहेरील' हे शब्द वाचले, आणि पत्र रीतसर नगररचना विभागाकडे पाठवून दिले. विलंब न लावता काम करणारा तो एकमेव विभाग होता. चौथ्या दिवशी शाळेला नोटीस आली : 'आपल्या आवारात विनापरवाना रचना उभी राहिल्याचे निदर्शनास आले आहे. सदर रचना सात दिवसांत स्वतःहून पाडावी, अन्यथा विभागामार्फत पाडण्यात येईल.'

हेडसरांनी नोटीस तीनदा वाचली. "ज्ञान पाडायचं कसं?" त्यांनी बाईंना विचारले.

"परीक्षेत पाडतात तसं," शिपाईमामा दारातून म्हणाले. त्यांना कुणी विचारले नव्हते.

अकरा तारखेला रचनेची मोजणी करायला एक साहेब आले. हातात टेप, खिशात पेन्सिल, बुटांना चुना लागलेला. त्यांनी शाळेभोवती एक चक्कर मारली, गच्ची बघितली, सुलभक कक्षाचे दार ढकलले, खालची बारीक अक्षरे वाचली आणि परत आले.

"कुठे आहे रचना?"

हेडसरांनी बाईंकडे बघितले. बाईंनी पणबाईला पुढे केले. पणबाईने स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवले.

मोजणीसाहेबांनी कागदावर लिहिले, 'सर्वांत वरचा मजला.' मग म्हणाले, "पाया कुठंय?"

"दाखवते," पणबाई म्हणाली.

तिने ताटली मांडली, मेणबत्त्या लावल्या. मोजणीसाहेब टेबलाशी वाकले. त्यांनी पहिल्या वेळी पाण्याची उंची टेपने मोजली, दुसऱ्या वेळी मोजली, तिसऱ्या वेळी चष्मा पुसून मोजली. बुडबुडे आले तेव्हा त्यांनी हाताने सगळ्यांना गप्प केले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा लाव." असे त्यांनी पाच वेळा करायला लावले आणि पाची वेळच्या मोजमापांची सरासरी काढली. पुस्तिका त्यांनी मागितली नाही. कुणी दाखवली तेव्हा ती त्यांनी ताटलीखाली सरकवली, कारण टेबल एका बाजूला कलत होते.

त्यांचा अहवाल एका ओळीचा होता : 'रचना पक्की आहे. पाडता येत नाही.'

हेडसरांनी कपाळाला हात लावला. समितीला तीन दिवस उरले होते. तेरा तारखेला शाळा सुटताना त्यांनी बाईंना थांबवले. "त्या मुलीला उद्या सुट्टी द्या."

"हजेरी पूर्ण हवी असं लिहिलंय, सर."

"मग तिला गप्प बसवा. बाई, नऊ वर्षं झाली. मला तुमच्यासाठीच वाईट वाटतंय." आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत होते, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

पणबाई जिन्यात दप्तराचा पट्टा बांधत होती. बाई तिच्याजवळ गेल्या. काय बोलायचे ते त्यांनी दोनदा मनात जुळवले होते.

"हे बघ, उद्या पाहुणे येणार आहेत. उद्याच्या दिवस 'पण' म्हणू नकोस. विचारलंच तर पुस्तिकेतलं सांग. परवा आपण पुन्हा बोलू, हं?"

पणबाईने त्यांच्याकडे बघितले. "बरं, बाई," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

'पण' न म्हणता तिने बाईंचे काही ऐकून घेण्याची ती पहिलीच वेळ होती. बाई तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्या रात्री त्यांना जेवण गोड लागले नाही. सासूबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला तेव्हा "उद्या होईन" एवढेच त्या म्हणाल्या.

चौदा तारखेला समिती आली. एक अध्यक्ष, दोन सदस्य. उतरंड नको म्हणून तिघांना मुलांच्याच बाकांवर बसवले होते. अध्यक्ष बसले, पण त्यांचे गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून ते वाटेत पाय सोडून बसले. बाईंनी हात वर नेऊन प्रयोग केला. एक मेणबत्ती, एक ग्लास. पाणी चढून लाल पट्टीच्या आसपास थांबले.

"अरेच्चा!" बेचाळीस मुले म्हणाली.

"वा, किती उत्स्फूर्त," अध्यक्ष म्हणाले. "सदस्यांचं लक्ष नव्हतं. पुन्हा एकदा होऊ दे."

पुन्हा एकदा झाले. अध्यक्ष खूश झाले. त्यांनी दुसऱ्या बाकाकडे बोट केले. "तू सांग बाळ, तुला काय वाटतं? अगदी तुझ्या शब्दांत."

पणबाई उभी राहिली. हाताची घडी घालून, एकही अक्षर न चुकता ती म्हणाली, "अरेच्चा! जळण्यात हवेचा पाचवा भाग खर्च झाला, म्हणून पाणी बरोबर एक पंचमांश चढले." मग तिने बाईंकडे बघितले. बघण्यात राग नव्हता. आपण नीट म्हटले ना, एवढेच ती बघत होती.

अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढले. फॉर्मवर 'शिफारस' असा रकाना होता आणि पेन त्याच्यावर टेकत होते. बाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांना सासूबाईंचा प्रश्न आठवला, नऊ तात्पुरते आदेश आठवले, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडून जे बाहेर पडले ते त्यांनी ठरवलेले नव्हते.

"पण साहेब."

सगळा वर्ग वळला. पणबाईचे तोंड उघडेच राहिले.

"ग्लास ठेवताना बुडबुडे आले, ते तुम्ही बघितलेत का?" बाईंनी विचारले. उत्तराची वाट न बघता त्यांनी ताटली टेबलावरून उचलून खाली, अध्यक्षांच्या पायांपाशी जमिनीवर ठेवली. तीन मेणबत्त्या पेटवल्या. ग्लास पालथा घातला. ज्योती विझल्या आणि पाणी चढू लागले. लाल पट्टी मागे टाकून खूप वर गेले आणि मग थांबले. 'अरेच्चा' कुणीच म्हटले नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी "आं?" असे म्हटले. अध्यक्षांच्या शेजारच्या सदस्यांनीही तेच म्हटले.

"हे असं कसं झालं?" अध्यक्षांनी विचारले.

"सांगायला मनाई आहे, साहेब."

"मुलांना मनाई आहे हो. मला सांगा."

"परिपत्रकात 'कोणासही' असं आहे. पान चार." बाईंनी काडेपेटी त्यांच्या हातात दिली. "मी तुम्हाला अवकाश देते."

अध्यक्षांनी काडेपेटीकडे बघितले, घड्याळाकडे बघितले. "बाई, आम्हाला अजून दोन शाळा करायच्या आहेत. उत्तर काय ते दोन ओळींत लिहून द्या, अहवालात टाकतो."

"पण बाई," दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "साहेबांना स्वतः रचू द्या ना."

पंधरा दिवसांनी आदेश आला. बाईंनी तो सुलभक कक्षात वाचला. 'आपण परिपत्रकातील सर्व सूचनांचे तंतोतंत पालन केल्याचे समितीस आढळून आले. त्यामुळे आपला पाठ ठरलेल्या वेळेत ठरलेल्या उत्तरापर्यंत पोहोचू शकला नाही. तथापि नऊ वर्षांची सेवा विचारात घेता, आपणास आपल्या सध्याच्या तात्पुरत्या पदावर कायम करण्यात येत आहे.' सोबत पुस्तिकेची सुधारित पाने होती. त्यांत एका ओळीची भर होती : एका ग्लासाखाली एकाहून अधिक मेणबत्त्या पेटवण्यास मनाई आहे.

"झालीस का गं कायम?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारले.

"झाले, आई. कायमची तात्पुरती."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "चला, एकदाचं झालं. आता रोज विचारायला नको," त्या म्हणाल्या, आणि डब्याचे घट्ट बसलेले झाकण उघडायला बाईंच्या हातात दिले.

पणबाई त्या वर्षी गुणांत शेवटून दुसरी आली. तिच्यात आणि शेवटच्या मुलात अर्ध्या गुणाचा फरक होता, आणि तो तिला त्या चौदा तारखेच्या 'अरेच्चा'बद्दल मिळाला होता.

आता पाणी नेमके का चढते, असे विचारू नका. परिपत्रक अजून लागू आहे. ग्लास तुमच्या घरात आहे, मेणबत्ती कुठल्याशा खणात आहे, काडेपेटी ओट्यावर आहे. तरी तुम्ही काही उठणार नाही. कारण कधीतरी शाळेत तुम्हीही 'एक पंचमांश' लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले आहेत, आणि ते परत करा, असे तुम्हाला अजून कुणी सांगितलेले नाही.